सभागृह नवे करताना त्याचा आवाजही मोजा

प्रति,
नागपुरातील सार्वजनिक सभागृहांचे व्यवस्थापक, नूतनीकरणाचे आराखडे करणारे अभियंते आणि त्या आराखड्यांवर सही करणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

शहरातल्या एका सार्वजनिक सभागृहाच्या नूतनीकरणात कोणती कामे घ्यायची, याची यादी आमच्या पाहण्यात आली. दर्शनी भाग, प्रवेशदालनातले ग्रॅनाइट, नव्या खुर्च्या, मंचामागे एलईडीची भिंत, रंगकाम, प्रसाधनगृहे, वाहनतळाची फरशी. ही कामे करू नका असे आम्ही म्हणत नाही. पण त्या लांबलचक यादीत ध्वनियंत्रणा एक नग म्हणून येते आणि तिथेच विषय संपतो. ध्वनिमापन नाही, वातानुकूलनाच्या आवाजाला मर्यादा नाही, ध्वनीसाठी वेगळी वीज नाही. त्याच सुमारास भाड्याचे नवे नियम आले आणि त्यांत ध्वनिचाचणीच्या वेळेला पूर्ण सत्राचे भाडे लागले. सभागृह ज्या कामासाठी असते ते काम, म्हणजे ऐकणे, या दोन्ही कागदांतून गळले आहे. याबाबत गप्प बसणे आम्हाला जमणार नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

आम्ही नागपुरातल्या मैफिलींचे ध्वनिसंयोजक, तबला-संवादिनीचे साथीदार आणि छोट्या संस्थांचे आयोजक. सभागृह बिघडले की त्याचा पहिला फटका आमच्या कामाला बसतो. दुसरा बसतो तिकीट काढून आलेल्या श्रोत्याला. त्याला बिघाडाचे कारण कळत नाही, 'आज गाणे रंगले नाही' एवढेच कळते.

या शहराने सभागृहांना नावे मोठ्या प्रेमाने दिली आहेत. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला डॉ. वसंतराव देशपांडे यांचे नाव आहे. वसंतरावांची सुरुवातीची तालीम याच गावात शंकरराव सप्रे यांच्याकडे झाली. रेशीमबागेत २०१७ साली खुल्या झालेल्या, सुमारे दोन हजार आसनांच्या सभागृहाला सुरेश भट यांचे. एक गवई, एक गझलकार. शिवाय लक्ष्मीनगरचे सायंटिफिक सभागृह आहे, शंकरनगरचे साई सभागृह आहे, चिटणवीस सेंटर आहे, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा परिसर आहे. गावाला गाण्याची हौस किती आहे ते सांगायला ही नावे पुरेशी आहेत. पुढच्या तक्रारी यांतल्या कुठल्या एका वास्तूवर बोट ठेवून केलेल्या नाहीत. ज्या सभागृहाला जी लागू पडेल ती त्याने आपली समजावी.

खुर्चीपासून सुरुवात करतो, कारण निविदेत तीच आधी येते आणि तीच सर्वांत जास्त चुकते.

सभागृहात आवाज थांबला की त्याचा घुमारा साठ डेसिबलने विरायला जो वेळ लागतो, त्याला निनादकाळ म्हणतात. भाषणाला आणि गद्य नाटकाला तो एक सेकंदाच्या आसपास बरा. ख्यालाला, सतारीला, सुगम संगीताला साधारण सव्वा ते दीड सेकंद. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोनच्या जवळपास. त्याहून कमी झाला तर गाणे कोरडे पडते, स्वर तोंडातून निघाला की तिथेच मरतो आणि गवई विनाकारण जोर लावू लागतो. वाढला तर तानेतले स्वर एकमेकांवर चढतात, 'तिरकिट'चे चार वेगळे बोल एकाच थराचे होतात आणि बोलतानेतला शब्द मागच्या रांगेला कळत नाही. हार्वर्डमधले वॉलेस सॅबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याचे गणित बसवले. रात्रीच्या शांततेत व्याख्यानगृहात आसनांच्या गाद्या आणून, काढून, पुन्हा आणून त्यांनी घुमारा मोजला. त्यांचे सूत्र सोपे आहे: सभागृहाचे घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि एकूण शोषणाने, म्हणजे खुर्च्या, माणसे, भिंती मिळून जेवढा आवाज गिळतात त्याने, भागा. १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल याच गणितावर उभा राहिला.

आता हेच गणित आपल्याकडच्या हजार आसनांच्या, पाच हजार घनमीटरच्या नमुन्याच्या सभागृहाला लावू. खुर्च्यांनी व्यापलेली जागा सहाशे चौरस मीटर धरा. माणसे बसलेली असताना तिथले शोषण चौरस मीटरला ०.८ धरले तर ४८० होते. भिंती, छत आणि पडदे मिळून १२० धरा. एकूण ६००. निनादकाळ येतो १.३४ सेकंद. ख्यालाला उत्तम. पण सभागृह रोज भरत नाही. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, किंवा पातळ गादीवर रेक्झिन ताणलेल्या असतील तर रिकाम्या खुर्च्यांचे शोषण ०.३ वर येते. अर्धे सभागृह भरले तर निनादकाळ १.७९. पूर्ण रिकामे असताना, म्हणजे आम्ही दुपारी ध्वनिचाचणी करतो तेव्हा, २.६८. दुपारी जुळवलेले सारे रात्री बदलते आणि कार्यक्रमाची पहिली वीस मिनिटे पुन्हा जुळवण्यात जातात.

तेच जाड गादीच्या, हवा आरपार जाईल अशा कापडाच्या खुर्च्या घेतल्या आणि रिकाम्या खुर्चीचे शोषण ०.६ च्या आसपास राहिले, तर रिकाम्या सभागृहात १.६८, अर्ध्या भरलेल्यात १.४९. पाचशे श्रोते आले तरी गाणे पाचशेंसाठी नीट वाजते. आमच्या मैफिलींना बहुतेक वेळा पाचशेच येतात. म्हणून खुर्चीच्या निविदेत रंग आणि हमीची वर्षे यांच्याबरोबर ध्वनिशोषणाचा प्रयोगशाळेतला दाखला मागा. रेक्झिन पुसायला सोपे असते हे आम्हाला मान्य आहे. कापडी खुर्चीला वर्षातून दोनदा यंत्राने साफ करण्याचा करार जोडा, प्रश्न सुटतो.

घुमारा जास्त आहे अशी तक्रार गेली की सरसकट एक उपाय होतो: भिंतींना गालिचा किंवा पातळ पॅनल चिकटवणे. त्याने आजार बदलतो, जात नाही. बारा मिलिमीटरचा गालिचा वरच्या पट्टीतले स्वर खातो, खर्जाला त्याचा काही अडसर नसतो. शंभर हर्ट्झच्या स्वरलहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर. ती गालिच्याने अडत नाही. मग तबल्याच्या चाटीची, म्हणजे काठावरच्या बोलांची, धार जाते, 'स' आणि 'श' बोथट होतात आणि डग्गा मात्र घुमतच राहतो. लोक म्हणतात माइक खराब आहे. खर्ज आवरायला भिंतीपासून पोकळी सोडून बसवलेले पातळ प्लायवुड लागते, पोकळीत खनिज लोकर लागते आणि किती जागी, किती खोल, हे मोजूनच ठरवावे लागते. अंड्यांच्या ट्रेसारखा दिसणारा स्वस्त फोम तर कृपा करून कुठेच लावू नका. तो भराभर पेटतो आणि त्याचा धूर जीव घेतो. जे काही भिंतीला लागेल त्याला अग्निरोधाचा दाखला हवाच.

मागची भिंत वळणदार करण्याची वास्तुकारांना आवड असते. आतल्या बाजूने गोलाई असलेली भिंत आवाज गोळा करून पुन्हा मंचावर फेकते. भिंत मंचापासून सतरा मीटरवर असेल तर आवाजाला जाऊन यायला चौतीस मीटर पडतात, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. आपणच वाजवलेली सम तबलजीला उशिराने पुन्हा ऐकू येते, आणि द्रुत लयीत तर ती पुढच्या बोलावर येऊन आदळते. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ साली उघडला आणि गोल घुमटाच्या प्रतिध्वनीशी झगडत राहिला. शेवटी १९६९ मध्ये छताला फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगाव्या लागल्या. आपल्या मागच्या भिंतीला एवढा उपद्व्याप लागणार नाही. तिच्यावर खोल-उथळ लाकडी पट्ट्या बसवल्या तर आवाज विखुरतो.

मंचाचेही तसेच. आपली बहुतेक सभागृहे नाटकासाठी बांधली गेली. वर पडदे ओढून घ्यायची उंच पोकळी, दोन्ही बाजूंना मखमली झालरी, मागे काळा पडदा. नाटकाला हे सारे हवे. पण मैफिलीत गवई त्या मखमलीच्या कुशीत बसतो आणि त्याचा निम्मा आवाज वरच्या पोकळीत आणि बाजूंच्या कापडात जातो. यावर उपाय जगभर एकच आहे आणि तो महागडा नाही: मागे आणि बाजूला उभे करायचे लाकडी ध्वनिकवच. अठरा मिलिमीटर प्लायचे, अडीच ते तीन मीटर उंचीचे, चाकांवर सरकणारे सहा-आठ पाखे. पातळ प्लाय घेऊ नका. ते स्वतःच थरथरते आणि खर्ज गिळते. पाखे एका रेषेत न ठेवता थोडे तिरपे ठेवायचे, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज टपटपत राहत नाही. शहरातला कोणताही चांगला सुतार हे करू शकतो. नाटकाच्या दिवशी ते विंगेत जातात. एलईडीच्या भिंतीच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि संगीताला तिच्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

लाकडी मंचाखालची पोकळी हा आणखी एक विसरलेला विषय. डग्ग्याचा प्रत्येक घुमका त्या पोकळीत उतरतो आणि मंचच ढोलासारखा वाजतो. बैठकीचा चौथरा रबरी पट्ट्यांवर ठेवला, खालच्या पोकळीत लोकर भरली, तर हे निम्म्याहून कमी होते. चौथऱ्याचे माप बारा बाय आठ फूट आणि उंची दीड फूट ठेवावी. त्याहून उंच केला तर पहिल्या रांगेला गवयाचे गुडघेच दिसतात.

आता वातानुकूलन. या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असतो, नवतपात कधी त्याच्याही वर. थंड हवेशिवाय सभागृह चालवा असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आवाजाचा आहे. मैफिलीच्या सभागृहात रिकाम्या वेळची शांतता एनसी-२५ या पार्श्वध्वनीच्या मापावर किंवा त्याहून खाली हवी. सोप्या भाषेत, ध्वनिमापकावर तीस-पस्तीस डेसिबल. हवा जाळीतून सेकंदाला चार-पाच मीटर वेगाने फेकली, पंख्याचा पट्टा सैल झाला, यंत्राखालची स्प्रिंग बसली, की तोच आकडा सहज पंचेचाळीसवर जातो. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. आलापाच्या सुरुवातीला गवई षड्जावर स्थिर होतो, दोन तानपुऱ्यांची जवारी, म्हणजे तारांची झंकारती गुंज, नुकती उघडू लागते, आणि श्रोत्याला ऐकू येतो तो पंखा.

या घरघरीला स्वतःचा स्वर असतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि बरीच यंत्रे शंभर हर्ट्झवर गुणगुणतात. शंभर हर्ट्झ म्हणजे पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधला स्वर. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा खर्जातला पंचम एकशे चार हर्ट्झच्या जवळ असतो. म्हणजे सभागृह त्याला मैफलभर एक उतरलेला पंचम ऐकवत असते. तानपुरा कितीही सुरेल लावा, तिसरा बेसूर तानपुरा छतात चालूच असतो. कान तयार असलेला श्रोता यामुळे अस्वस्थ होतो, आणि का होतो आहे हे त्याचे त्यालाही उमगत नाही.

उपाय ठरलेले आहेत. हवेच्या नळ्यांना आतून अस्तर, जाळ्या मोठ्या करून वेग दोन-अडीच मीटरवर आणणे, यंत्राखाली स्प्रिंगचे आधार, दर तीन महिन्यांनी पट्टे आणि बेअरिंग तपासणे. कार्यक्रमाच्या दोन तास आधी सभागृह पूर्ण थंड करायचे आणि पडदा उघडल्यावर पंखे मंद ठेवायचे. जिथे वातानुकूलन नाही आणि मोठे कूलर लावले जातात तिथे दुहेरी नुकसान आहे: कूलरचा आवाज तर असतोच, वर त्याची ओली हवा मंचावर आली की तबल्याची पुडी (वरचे कातडे) सैल होते, डग्गा बसतो आणि तबलजी बंदिशीच्या मध्ये हातोडी उचलतो. उलट वातानुकूलनाच्या कोरड्या झोताखाली पुडी ताणली जाऊन तबला चढतो, तारा आकसून तानपुरा चढतो, आणि संवादिनीच्या सुरांवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. तिघे तीन दिशांना जातात. म्हणून मंचावर थेट झोत येणारी जाळी बंद करण्याची सोय हवी आणि वाद्ये ठेवायच्या खोलीचे तापमान मंचाइतकेच हवे. बाहेरच्या चव्वेचाळीस अंशांतून आणलेला तबला बावीस अंशांच्या मंचावर किमान तासभर मुरल्याशिवाय स्थिर राहत नाही.

पत्र्याच्या छताबद्दल एवढेच: जुलै-ऑगस्टच्या सरीत उघड्या पत्र्याखाली गाणे होत नाही. पत्र्याखाली लोकर आणि जिप्समचे दोन थर टांगल्याशिवाय ते संगीताचे सभागृह म्हणून भाड्याने देऊ नये.

विजेच्या बाबतीत चुका ठरावीक आहेत आणि सगळ्या टाळता येण्यासारख्या आहेत. रंगदिव्यांचे डिमर आणि ध्वनियंत्रणा एकाच फेजवर असली की दिवे निम्म्यावर आणताच कर्ण्यांतून 'झीं' सुरू होते. ध्वनीसाठी वेगळी फेज, मध्ये विजेतला गोंगाट अडवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि एक ओहमच्या खाली असलेले स्वतंत्र अर्थिंग हवे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. नागपूरच्या काळ्या मातीला मे महिन्यात भेगा जातात, तेव्हा त्यात पाणी घालून पुन्हा मोजायला हवे; पावसाळ्यात घेतलेला आकडा उन्हाळ्यात चालत नाही. वीज गेली की जनित्र दहा-वीस सेकंदांत येते, पण डिजिटल मिक्सर पुन्हा जागा व्हायला आणखी एक-दोन मिनिटे घेतो, आणि त्या मिनिटांत रंगलेली मैफल थंड होते. मिक्सर आणि मंचावर माइकच्या तारा जोडायच्या पेटीपुरता तीन केव्हीएचा यूपीएस पुरतो. तेवढाच मागतो आहोत.

मंचावरून मिक्सरपर्यंत जाणाऱ्या चोवीस वाहिन्यांपैकी कोणत्या चालू, कोणत्या बंद, याची नोंद कुठेच नसते. दर वेळी नवा माणूस येतो, दर वेळी तोच शोध. महिन्यातून एकदा सगळ्या वाहिन्या तपासून पेटीवर तारीख लिहिलेली चिठ्ठी लावणे हे तासाभराचे काम आहे. कर्णे टांगायला छतात भार सोसणारे, प्रमाणित बिंदू नसतात, म्हणून कर्णे मंचावरच रचावे लागतात. पहिल्या तीन रांगांचे कान बधिर होतात आणि सज्जाखालच्या रांगांना शब्द कळत नाहीत. सज्जाखाली छोटे कर्णे लावले जातात तेव्हा त्यांना विलंब द्यायचा राहून जातो. वीस मीटर अंतराला आवाज साधारण अठ्ठावन्न मिलिसेकंद घेतो. छोट्या कर्ण्याला त्याहून दहा-पंधरा मिलिसेकंद जास्त विलंब दिला तर कानाला आवाज मंचावरूनच आल्यासारखा वाटतो. दिला नाही तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. यंत्रात आकडा भरण्यापलीकडे याला काही लागत नाही. पण तो भरणारा माणूस सभागृहाचा स्वतःचा असावा लागतो.

आता वेळेचा प्रश्न, जो आम्हाला सर्वांत जास्त खुपतो.

संध्याकाळचे सत्र सुरू होते त्याच्या तासभर आधीपर्यंत सभागृहात कोणत्या तरी शाळेचे स्नेहसंमेलन चालू असते. त्या तासात मंच झाडायचा, चौथरा लावायचा, माइक मांडायचे, वाद्ये मुरवायची आणि ध्वनिचाचणी करायची. हे होत नाही. चार कलाकारांच्या मैफिलीला मांडणीसह तीन तास लागतात, वाद्यवृंदाला पाच. नव्या नियमाने त्या तीन तासांना पूर्ण सत्राचे भाडे लागणार असेल तर छोटी संस्था ध्वनिचाचणीच करणार नाही, आणि सभागृह खराब वाजते ही कीर्ती तेवढी वाढेल. ध्वनिचाचणीच्या वेळी प्रेक्षागृहाचे दिवे नको असतात, दालने नको असतात, वातानुकूलन निम्मे चालते. तिचा दर पाव सत्राचा असावा, ही मागणी व्यवहाराला धरून आहे.

रागांचीही वेळ असते. भैरव, ललत, तोडी हे सकाळचे. मारवा, पूरिया सूर्यास्ताचे. दरबारी, मालकंस रात्री उशिराचे. आपली सभागृहे दहाला उघडतात आणि रात्री दहाला आवरायला लावतात. सकाळचे राग या शहरात दिवाळी पहाटेपुरते उरले, तेही मैदानावर, माइकच्या जोरावर. संध्याकाळचा मारवा उद्घाटनाची भाषणे आणि सत्कार यांच्यात हरवतो. रात्री दहाची मर्यादा कायद्याची आहे असे आम्हाला सांगितले जाते. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे हे खरे. पण बंदिस्त सभागृहात, आतल्या आतच ऐकू जाईल अशा वापराला तोच नियम सूट देतो. भिंतीबाहेर आवाज जात नाही हे मोजून दाखवता आले तर बंद सभागृहात साडेअकरापर्यंत दरबारी व्हायला हरकत नसावी. महिन्यातून एक पहाटेचे सत्र, सहा ते साडेनऊ, आणि एक उशिराचे सत्र एवढे मिळाले तरी शहराच्या कानाला पूर्ण दिवस मिळेल.

ठरलेली तारीख आयत्या वेळी काढून घेण्याबद्दल थोडक्यात लिहितो. शासकीय कार्यक्रम आला की खासगी नोंदणी रद्द होते, कधी तीन दिवस आधी. अनामत परत मिळते; कलाकाराचे रेल्वेचे आरक्षण, छापलेली तिकिटे, श्रोत्यांचा विश्वास परत मिळत नाही. हिवाळी अधिवेशनाच्या काळात हा धोका सर्वांत जास्त, आणि मैफिलींचा हंगामही तोच.

'आधी उद्घाटन करू, आवाजाचे नंतर पाहू' असे ज्यांना वाटते त्यांनी न्यूयॉर्कचा अनुभव पाहावा. तिथला फिलहार्मोनिक हॉल १९६२ मध्ये उघडला. आसने वाढवण्यासाठी मूळ आराखडा बदलला गेला होता. आवाजाच्या तक्रारी पहिल्या हंगामापासून सुरू झाल्या, १९७६ मध्ये आतला सारा भाग काढून नवा करावा लागला, आणि तरीही समाधान न झाल्याने २०२२ मध्ये पुन्हा. १९७६ चे काम सिरिल हॅरिस या ध्वनितज्ज्ञाचे होते. त्याच हॅरिस यांनी मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातील टाटा थिएटरचा ध्वनी आखला. ते १९८० साली उघडले, साधारण हजार आसनांचे. तिथे ध्वनितज्ज्ञ आराखड्याच्या कामात होता, तक्रारी आल्यावर बोलावलेला नव्हता. नागपूरहून गाडीने एका रात्रीत तिथे पोहोचता येते. समितीने एकदा जाऊन मागच्या रांगेत बसावे, एवढी आमची विनंती आहे.

मागण्या अशा:

नूतनीकरणाच्या कोणत्याही निविदेआधी रिकाम्या आणि भरलेल्या सभागृहाचा निनादकाळ, वातानुकूलन चालू व बंद असतानाचा पार्श्वध्वनी आणि प्रत्येक दहाव्या रांगेतली शब्दांची स्पष्टता मोजावी, आणि ते आकडे सूचनाफलकावर लावावेत. काम संपल्यावर तेच पुन्हा मोजावे आणि ठरलेले आकडे आल्याशिवाय ठेकेदाराचे अंतिम देयक देऊ नये.

आराखड्याच्या पहिल्या बैठकीपासून ध्वनितज्ज्ञ असावा. खुर्ची, भिंत, छत आणि वातानुकूलन या चार गोष्टींवर त्याची सही आवश्यक करावी.

चालू आर्थिक वर्षातच ध्वनीसाठी वेगळी फेज, अर्थिंग, यूपीएस आणि लाकडी ध्वनिकवच करावे. यासाठी मोठ्या नूतनीकरणाची वाट पाहण्याचे कारण नाही.

प्रत्येक सभागृहाला कायम ध्वनितंत्रज्ञ नेमावा. मंचाची मापे, फेज, वाहिन्या, टांगणीचे बिंदू, दरवाजांची रुंदी आणि ट्रक कुठवर येतो, हे सारे असलेले माहितीपत्रक नोंदणीच्या अर्जाबरोबरच द्यावे.

ध्वनिचाचणीचा दर पाव सत्राचा करावा, मैफिलीआधी तीन तास मंच मोकळा मिळावा, आणि पहाटेचे व उशिराचे सत्र प्रायोगिक म्हणून सहा महिने चालवून पाहावे.

मैफिलीची नोंदणी तीस दिवसांच्या आत रद्द करू नये. करावीच लागली तर त्याच आठवड्यातली दुसरी तारीख आणि तितक्याच आसनांची दुसरी जागा द्यावी.

पहिल्या मागणीसाठी तुम्हाला पैसे खर्च करावे लागू नयेत, म्हणून आम्ही एक प्रस्ताव ठेवतो. मोजणीचे माइक, ध्वनिमापक आणि ती करणारी माणसे आमच्याकडे आहेत. ज्या सभागृहाला सोमवारी सकाळचे सत्र मोकळे असेल त्याने आम्हाला चार तास आत येऊ द्यावे: दोन तास वातानुकूलन बंद ठेवून, दोन तास चालू ठेवून. विजेचा फलक उघडणारा माणूस आणि छताच्या जाळीपर्यंत पोहोचणारी शिडी तेवढी लागेल. आकड्यांचा तक्ता आम्ही त्याच आठवड्यात मराठीत लिहून देऊ. एक प्रत तुम्हाला, एक सभागृहाच्या दारावर.

आपले,
नागपुरातील मैफिलींचे ध्वनिसंयोजक, साथीदार आणि आयोजक